घराण्यातच शुगर आहे? मग तर ऐकाच!

“डॉक्टर, आमच्या घराण्यातच शुगर आहे. मला होणारच. मग आत्तापासून तोंड बांधून कशाला जगायचं?”

हे वाक्य ओपीडीत मला सतत ऐकायला मिळतं. बोलणारी व्यक्ती बहुतेक वेळा पस्तीस-चाळिशीची असते. वडिलांना मधुमेह, आत्याला मधुमेह. काम बसून करायचं, पोट थोडं सुटलेलं. हातातल्या रिपोर्टमध्ये उपाशीपोटीची साखर 112. म्हणजे मधुमेह झालेला नाही, पण उंबरठ्यावर आलेला आहे. आणि नेमक्या याच वेळी ती व्यक्ती हार मानून मोकळी होते.

माझं मत बरोबर उलटं आहे. ज्यांच्या घरात मधुमेह आहे, त्यांनाच सवयी बदलण्याचा सगळ्यात जास्त फायदा आहे.

आनुवंशिक म्हणजे अटळ नव्हे

काही आजार एकाच जनुकातल्या दोषामुळे होतात, उदाहरणार्थ थॅलेसेमिया. तिथे रोज कितीही चाललात तरी आजार टळत नाही. टाइप 2 मधुमेहाचं तसं नाही. त्यात शेकडो जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. आईवडिलांकडून मधुमेह येत नाही, मधुमेहाकडे झुकणारी प्रकृती येते. (लहानपणी होणारा, इन्सुलिन घ्यावंच लागणारा टाइप 1 मधुमेह वेगळा. हा लेख त्याबद्दल नाही.)

याचं एक बोलकं उदाहरण म्हणजे पिमा लोक. ही मूळनिवासी जमात अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये राहते आणि तिचेच जवळचे नातलग मेक्सिकोच्या डोंगराळ भागात राहतात. रक्ताचं नातं एक, राहणीमान वेगळं. मेक्सिकोतले लोक शेतात राबणारे आणि साधं खाणारे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अ‍ॅरिझोनातल्या पिमा लोकांमध्ये मधुमेहाचं प्रमाण 38 टक्के होतं, तर मेक्सिकोतल्यांमध्ये साधारण 7 टक्के.

आपल्याकडचा हिशोब

चेन्नईच्या डॉक्टरांनी भारतीयांसाठी मधुमेहाच्या धोक्याची एक सोपी गुणपत्रिका बनवली आहे. एकूण गुण 100. वयाचे जास्तीत जास्त 30, बैठ्या राहणीचे 30, कंबरेच्या घेराचे 20 आणि आईवडील दोघांनाही मधुमेह असेल तर 20. 60 किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे धोका मोठा. आजार कशामुळे किती टक्के झाला हे ही गुणपत्रिका सांगत नाही, ती फक्त धोक्याचा अंदाज देते. तरीही नीट पाहा: वय आणि आईवडील हे 50 गुण आपल्या हातात नाहीत. कंबर आणि हालचाल हे 50 गुण बऱ्याच अंशी आहेत.

हे गुण कमी केल्याने खरंच फरक पडतो का? चेन्नईतच उंबरठ्यावरच्या 531 लोकांवर अभ्यास झाला. तो 2006 साली प्रसिद्ध झाला. सुमारे तीन वर्षांत, नेहमीचा साधा सल्ला मिळालेल्या गटात 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि व्यायामाकडे नीट लक्ष दिलेल्या गटात 39 टक्के लोकांना झाला.

म्हणजे शंभरातले सोळा जण वाचले. हे आकडे मी रुग्णांना मुद्दाम पूर्ण सांगतो. कारण सगळं सांभाळूनही 39 जणांना मधुमेह झालाच. तुम्ही त्यातले असाल तर तो तुमचा गुन्हा नाही. “गोड खाल्लंस म्हणून झाला” असं घरच्यांनी ऐकवणं बंद करायला हवं. आणि तुमची मेहनत वायाही जात नाही. नंतर साखर ताब्यात ठेवायला त्याच सवयी उपयोगी पडतात.

वारसा फक्त रक्तातून येत नाही

घराण्यातून आपल्याला आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे स्वयंपाकघर. दिवसातून चार वेळा दोन चमचे साखरेचा चहा, नाश्त्याला नुसते पोहे, ताटात भात-पोळी भरपूर आणि उसळ चमचाभर, रात्री दहाला जेवण आणि लगेच झोप. वडिलांना मधुमेह झाला की त्यांचं पथ्याचं ताट वेगळं होतं, बाकीचं घर मात्र आधीसारखंच जेवतं. खरं तर पथ्याची जास्त गरज शेजारी बसलेल्या मुलाला असते, कारण त्याच्याकडे अजून वेळ आहे.

म्हणून घरात कुणालाही मधुमेह निघाला तर एवढं करा:

1. आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला मधुमेह असेल तर तिशीपासून दरवर्षी साखर तपासा. उपाशीपोटी 100 ते 125 म्हणजे उंबरठा. त्रास होण्याची वाट पाहू नका, सुरुवातीला त्रास होतच नाही.
2. वजनाबरोबर कंबरही मोजा. पुरुषांची 90 आणि स्त्रियांची 80 सेंटीमीटरच्या आत हवी. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं, असे लोक खूप आहेत. “मी तर बारीक आहे” यावर विसंबू नका.
3. रोज अर्धा तास भरभर चाला. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर जेवणानंतरची साखर कमी चढते. आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करा.
4. ताट सगळ्यांचं एकच ठेवा. निम्मं भाज्या-कोशिंबिरीने भरा, उसळ-डाळ वाढवा, भात-पोळी मोजून घ्या.
5. गरोदरपणात साखर वाढली असेल तर बाळंतपणानंतरही तपासणी सोडू नका.

मधुमेह आधीच झाला असेल तर हे वाचून गोळ्या बंद करू नका. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबर घ्या.

घराण्यातली शुगर ही शिक्षा नाही, ती आगाऊ मिळालेली नोटीस आहे. ज्यांच्या घरात मधुमेह नाही, त्यांना ती नोटीस मिळत नाही. तुम्हाला मिळाली आहे. मुदत संपायच्या आत उत्तर द्या, आणि आज रात्री जेवण झाल्यावर वडिलांना सोबत घेऊन एक फेरी मारून या.