‘ती आता ओळखत नाही’ या वाक्याविरुद्ध

स्मृतिभ्रंश झालेल्या आईला भेटायला जाणं मुलं हळूहळू कमी करतात, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा निष्ठुरपणा नसतो. एक समजूत असते. ओळखणं हे बुद्धीचं काम, असं आपण धरून चालतो. चेहरा दिसतो, तो स्मृतीत सापडतो, नाव जुळतं आणि मग माया, राग, भीती, जे काही वाटायचं ते वाटतं. पहिली पायरीच ढासळली तर वरच्या पायऱ्या कुठून राहणार? म्हणून ‘कोण आलंय हेच तिला कळत नाही, जाऊन उपयोग काय?’ हा प्रश्न बिनतोड वाटतो. तो तसा नाही.

जीनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी 1911 साली एका स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. नेहमी भेटणारे डॉक्टरही तिला परके वाटत. क्लापारेद यांनी एकदा बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. टोचल्याचं ती लवकरच विसरली. पण पुढच्या वेळी त्यांनी हात पुढे करताच तिनं आपला हात मागे घेतला. का, हे तिला धड सांगता येईना. (आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) शकुंतलेला विसरलेला दुष्यंत पाचव्या अंकात हंसपदिकेचं गाणं ऐकून कारण न कळता व्याकूळ होतो, ते आपल्याला रंगमंचावर पटतं. घरात मात्र आपण ते मानायला तयार नसतो.

एका टाचणीवर सिद्धांत उभा राहत नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून रसेल बाउर यांचा 1984 सालचा प्रयोग पाहावा. मेंदूच्या इजेमुळे त्यांच्या रुग्णाला ओळखीचे चेहरेही ओळखू येत नव्हते. प्रत्येक चेहऱ्यासोबत पाच नावं वाचून दाखवली, तर त्यातलं योग्य नाव तो केवळ अंदाजानं सांगे. मात्र त्वचेची विद्युतवाहकता, म्हणजे भावना हलली की घामाच्या ग्रंथींमुळे होणारा सूक्ष्म बदल, मोजली तेव्हा सुमारे 60 टक्के वेळा ती योग्य नावालाच सर्वांत जास्त वाढत होती. योगायोगानं हे 20 टक्के वेळा घडलं असतं. जे माणसाला सांगता येत नव्हतं, त्याला त्याचं शरीर प्रतिसाद देत होतं.

इथे काही जण दुसऱ्या टोकाला जातात: ‘मनानं ती ओळखतेच.’ हा दिलासाही मला मान्य नाही. 1923 साली जोसेफ काप्ग्रा यांनी वर्णन केलेल्या भ्रमात रुग्णाला जवळच्या माणसाचा चेहरा हुबेहूब पटतो, तरी हा तोतया आहे असं तो ठामपणे सांगतो. अशा रुग्णांच्या त्वचेत ओळखीच्या चेहऱ्यांना मिळणारा जादा प्रतिसाद आढळला नाही. आपुलकीची जाणीव गेली की खरी आईही खोटी वाटू शकते. शिवाय, तसा प्रतिसाद नसूनही माणसांना नीट ओळखणारे रुग्ण सापडले आहेत. तेव्हा भावना ही ओळखीची खात्रीची साक्षीदार नव्हे. ओळखीत दोन धागे असतात. एक तुटला म्हणजे दुसरा तुटलाच असं नाही, आणि एक शाबूत आहे म्हणून दुसरा शाबूत असेलच असंही नाही. मला म्हणायचंय ते एवढंच, पण त्यावर बरंच अवलंबून आहे.

आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी आधी 2010 मध्ये तीव्र विस्मृतीच्या रुग्णांना, नंतर 2014 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद आणि आनंददायक चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं हे ते विसरले, तरी फितीनं जागवलेली भावना टिकून राहिली. म्हणजे भेट आठवत नाही म्हणून ती वाया गेली, असं म्हणता येत नाही.

मग गोड बोलणारं कोणीही चालेल, मुलगाच कशाला? प्रश्न बरोबर आहे, आणि हे प्रयोग त्याचं उत्तर देत नाहीत. त्यांत चित्रफिती होत्या, लेकरं नव्हती. माझं उत्तर साधं आहे: आईला कोणता अभंग आवडतो, चहात आलं चालतं की नाही, कोणत्या गोष्टीचं नाव काढलं की ती घाबरते, हे ‘कोणीही’ला ठाऊक नसतं. ती मुलाला ओळखत नसेल, पण मुलगा तिला ओळखतो, आणि त्या ओळखीचा तिला उपयोग आहे.

भेटीला गेल्यावर आपण करतो काय? ‘सांग बरं, मी कोण?’ अशी परीक्षा घेतो. उत्तर चुकलं की आपला चेहरा पडतो, आणि तो तिला दिसतो. 2014 च्या अभ्यासातल्या रुग्णांना चित्रफितीतलं जितकं कमी आठवत होतं, तितकं त्यांचं दुःख अधिक काळ टिकलं. तेव्हा हा प्रश्न विचारूच नये. जाताच आपलं नाव आपणच सांगावं, शेजारी बसावं आणि तिच्या आवडीचं काही सुरू करावं.