रोपाआधी उजेड विका

'टेबलावर ठेवायला व्हीनस फ्लायट्रॅप आहे का?' असं गिऱ्हाइकानं विचारलं की आपल्यातले बरेच जण 'आहे की, अधूनमधून एखादी माशी द्या' असं सांगून कुंडी हातात ठेवतात. माशी दिली की झाडाचं पोट भरलं, ही समजूत चुकीची आहे आणि ती मोडायचं काम रोपं विकणाऱ्यांनीच करायला हवं.

किड्यातून अशा कीटकभक्षी झाडांना मिळतं ते मुख्यतः नत्र आणि स्फुरद. साखर मात्र इतर कुठल्याही झाडासारखी पानातच, उजेडावर तयार करावी लागते. त्यात सापळा बनवणं, पाचक रस सोडणं हा वरखर्च. शिवाय सापळा झालेलं पान उजेड टिपण्यात साध्या पानापेक्षा कमी पडतं. वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस गिव्हनिश आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली हा जमाखर्च मांडला. ऊन आणि पाणी भरपूर, जमीन मात्र निकस, अशा ठिकाणीच किडे खाणं झाडाला परवडतं. कासच्या पठारावर जाऊन पाहा. दवबिंदू आणि सीतेची आसवं ही किडे खाणारी झाडं तिथे उगवतात ती कातळावरच्या मातीच्या पातळ थरात, उघड्या आभाळाखाली. पावसाळी ढगांतूनही तिथे हजारो लक्स उजेड पोचतो. लख्ख उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. दिवाणखान्यात खिडकीपासून सात-आठ फुटांवरच्या टीपॉयवर मोजलं तर काहीशे लक्स भरले तरी पुष्कळ. आपले डोळे कमी उजेडाला सरावतात, म्हणून ती खोली आपल्याला उजळ वाटते.

उपासमार पानांवर दिसते. फ्लायट्रॅपचा देठ लांब आणि रुंद होत जातो, टोकाचा सापळा दर नव्या पानागणिक लहान होतो आणि आतली लाली जाते. दवबिंदूच्या केसांवरचे चिकट थेंब आटतात. घटपर्णीची पानं हिरवीगार राहतात, पण टोकाच्या तणाव्यावरचा बारीकसा कोंब फुगून घट होण्याऐवजी काळा पडून वाळतो. गिऱ्हाईक म्हणतं, हवेत दमटपणा नाही. तेही कारण असू शकतं, पण आधी उजेड तपासा. अशा अशक्त झाडाला वर किडा भरवला तर तो पचायच्या आधी सापळाच सडतो.

कमी उजेडात खरोखर तग धरणाऱ्या जाती आहेत, आणि आपल्याकडे त्या फारशा कुणी ठेवत नाही याचं वाईट वाटतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या वर्षावनात, झाडांच्या सावलीत वाढणारे तीन दवबिंदू आहेत: ड्रोसेरा अ‍ॅडेली, प्रोलिफेरा आणि शिझँड्रा. शिझँड्रा नाजूक, तिला उकाडा सोसत नाही. अ‍ॅडेली त्यांत सर्वांत सोपी. मुळांपासून फुटवे काढत ती कुंडी भरून टाकते. तरी तिलाही उत्तरेकडच्या खिडकीची कड तरी द्याच. कोपऱ्यातलं कपाट तिलाही मानवणार नाही.

बाकीच्यांसाठी दिवा हाच उपाय. जांभळ्या दिव्यांचा अट्टहास नको; चांगली पांढरी एलईडी ट्यूब रोपापासून वीतभर अंतरावर, टायमर लावून रोज १२ ते १४ तास. कुंडीबरोबर दिवाही विकायला ठेवा. फ्लायट्रॅपचं एवढ्यानंही भागत नाही. तो उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनातल्या पाणथळींचा, त्याला थंडीत तीनेक महिने विश्रांती लागते. मुंबईच्या घरात ती मिळणं कठीण, हे विकण्यापूर्वी सांगायला हवं. पाणी पावसाचं किंवा आरओचं. टीडीएस ५० पीपीएमच्या आत. खत अजिबात नाही, आणि कोकोपीट वापरत असाल तर क्षार निघेपर्यंत धुऊन घ्या.

लेबलावर नुसतं 'इनडोअर' छापणं थांबवून त्या जातीला किती लक्स उजेड लागतो तो आकडा छापावा, अशी आमची सर्व रोपवाटिकांना विनंती आहे. मोबाइलवरचं लक्समीटर तंतोतंत नसतं, पण ३०० आणि ८,००० मधला फरक गिऱ्हाइकाला घरबसल्या दाखवायला ते पुरेसं आहे.