साहेब, जरा फुंका!

परवा शुक्रवारी लोअर परळला आमच्या टीमची पार्टी होती. निघेपर्यंत रात्रीचा एक वाजला. एक मित्र गाडीची किल्ली बोटावर फिरवत म्हणाला, "दोनच बियर झाल्यात यार, मी एकदम ओके आहे." मी समजावलं, बायकोने फोनवर झापलं. पठ्ठ्या ढिम्म! मग कुणीतरी मोबाइल बघत म्हणालं, "वरळीला नाकाबंदी लागलीय." दुसरा रस्ता होता की. पण तिथेही पोलीस नसतील कशावरून? साहेबांनी मुकाट्याने कॅब बोलावली.

हसू नका. सात वर्षांपूर्वी मीही असाच 'ओके' होतो. दादरहून ठाण्यापर्यंत बाइक हाणली आणि काहीच झालं नाही. हे काहीच न होणं फार वाईट, कारण पुढच्या शुक्रवारी आपण पुन्हा बाइक काढतो. तिसऱ्या खेपेला सायनजवळ दुभाजक मला जरा उशिरा दिसला. मागे बसलेल्या मित्राच्या पायात अजून रॉड आहे. त्या रात्री वाटेत कुणा हवालदाराने अडवलं असतं, तर मी त्याला मनापासून शिव्या घातल्या असत्या.

कायदा तेव्हाही होताच. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आमच्या मित्राला हे सगळं पाठ आहे, पण दहा हजारांना तो घाबरला नाही. घाबरला तो 'आज आपण सापडू' या शक्यतेला. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने नेमकं हेच हेरलं. डिसेंबर १९८२पासून तिथले पोलीस संशय असो-नसो, कुठल्याही ड्रायव्हरला थांबवून फुंकायला लावू लागले आणि रस्त्यावरचे मृत्यू झपाट्याने घटले. मुंबई पोलिसांनीही २००७मध्ये अशी मोहीम जोरात उघडली, तेव्हा फुंकणी हा पार्ट्यांमधला हिट विनोद झाला होता. विनोद करता करताच लोक एकमेकांना विचारू लागले, "आज ड्राइव्ह कोण करणार?"

(नाकाबंदीचा पत्ता कळवणाऱ्या त्या ग्रुपमध्ये मीही आहे. सोडायचा म्हणतोय.)

शनिवारी मित्र गाडी आणायला गेला. पार्किंगवाल्याने रात्रभराचे चारशे घेतले म्हणून फोनवर पंधरा मिनिटं करवादला. मी सगळं ऐकून घेतलं.