जेद्दाचा किंदासा आणि ओट्यावरचा फिल्टर

हजहून परतलेल्या नातेवाइकांना भेटायला आम्ही नांदेडला गेलो होतो. झमझम आणि खजूर वाटून झाले आणि बोलणे पाण्यावर आले. जेद्दाला नळाला समुद्राचे गोडे केलेले पाणी येते, हे ऐकून लातूरच्या खाला म्हणाल्या, "मग आमच्याकडे का नाही आणत? मुंबईला काय समुद्र कमी आहे?" सगळे हसले. पण 2016 च्या उन्हाळ्यात ज्या बाईने टँकरसाठी रात्र रात्र घागरी रांगेत लावल्या, तिला हे विचारायचा हक्क आहे.

खारे पाणी उकळून वाफ धरली की गोडे पाणी मिळते, हे दर्यावर्दी लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक. जेद्दाला विसाव्या शतकाच्या आरंभी, उस्मानी अमलात, असे यंत्र बसले. 'कंडेन्सर'चा तिथल्या बोलीत 'किंदासा' झाला. 1928 मध्ये बादशहा अब्दुल अझीझ यांनी शहरासाठी आणि हाजींसाठी आणखी दोन यंत्रे आणवली. आपल्याकडून आगबोटीने हजला गेलेल्या जुन्या मंडळींपैकी कित्येकांनी ते पाणी प्यायले असेल. कोळसा जाळून मिळवलेले पाणी, स्वस्त कुठून असणार!

वाफेशिवायची रीत 1960 च्या सुमारास अमेरिकेत निघाली. सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले सौरिराजन यांनी असा पातळ पडदा तयार केला की दाब दिल्यावर पाणी पलीकडे जाते आणि क्षार अलीकडे राहतात. खटपट समुद्राच्या पाण्यासाठी होती, पण तिचा पहिला उपयोग झालेले गाव समुद्रकाठचे नव्हते. कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावात 1965 मध्ये हे यंत्र लागले. तिथल्या विहिरींचे पाणी इतके खारे, की पिण्याचे पाणी वर्षानुवर्षे रेल्वेच्या टाक्यांतून येत असे.

लातूरकरांना यात नवल वाटणार नाही. मांजरा धरण कोरडे पडले आणि 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून दहा टाक्यांची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात आली. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या.

आता खालांचा प्रश्न. समुद्राचे हजार लिटर पाणी गोडे करायला आज तीन ते चार युनिट वीज लागते. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच. तेच हजार लिटर नुसते एवढ्या उंचीवर चढवायला दोन युनिटांहून जास्त हवीत, शेकडो किलोमीटरच्या पाइपातली घस वेगळी. मुंबई महापालिकेने मनोरीला रोज वीस कोटी लिटरचा प्रकल्प आखला आहे, पण ते पाणी मुंबईनेच प्यायचे. आपल्याला तेरणा-मांजराच आणि गोदावरीवरचे विष्णुपुरी.

समुद्र आला नाही, पण तो पडदा मात्र घरोघर आला आहे. वीस लिटरच्या जारमागे तोच आणि ओट्यावरच्या आरओतही तोच. आपल्या बोअरचे पाणी मचूळ, डाळ शिजता शिजत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत फ्लोराइडने दात आणि हाडे खराब झाली. तिथे हे यंत्र म्हणजे मोठी सोय, यात वाद नाही.

वाद आहे तो फेकल्या जाणाऱ्या पाण्याचा. घरातले यंत्र एक लिटर शुद्ध देताना साधारण दोन-तीन लिटर नळीवाटे बाहेर टाकते. जेद्दाचे उरलेले पाणी समुद्रात परत जाते, आपले गटारात. आणि नळाला धरणाचे पाणी येत असेल, त्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असतील, तर आरओ कशाला? गाळून उकळले तरी पुरते. शेजारच्या भाभींनी घेतला म्हणून आपणही घ्यायचा, असे बरेचदा होते. आम्हीही तसाच घेतला होता, कबूल करतो.

नांदेडच्या त्या घरात सुनेने नळीखाली बादली लावली होती. आमचा चहा होईपर्यंत ती भरत आली. "या पाण्यात डाळ शिजेल का?" खालांनी विचारले. नाही शिजत, ते बोअरपेक्षाही जड असते. कूलरमध्येही टाकू नये, जाळ्या पांढऱ्या पडतात. फरशी आणि संडासाला चालते. खालांनी बादली उचलली आणि अंगण धुवायला घेतले.