अकोल्यात पाऊस भरपूर, पण माती कुठे जाते?

वाळवंटीकरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अरबस्तानची वाळू येते. डिसेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांची या विषयावरची परिषदही रियाधमध्येच भरली आणि दुष्काळावर बंधनकारक करार न होताच संपली. पण इस्रोचा नकाशासंग्रह सांगतो की 2018-19 मध्ये भारतातील सुमारे 9 कोटी 78 लाख हेक्टर, म्हणजे जवळपास 30 टक्के जमिनीचा ऱ्हास झालेला होता. आणि त्याचे सर्वांत मोठे कारण वाळू नाही, वाहते पाणी आहे.

अकोले तालुका बघा. पश्चिमेला घाटघर, रतनवाडीत पाऊस नुसता कोसळतो. पूर्वेला संगमनेरकडे सरकले की पर्जन्यछाया. भंडारदरा 1926 पासून उभे आहे, निळवंडेच्या डाव्या कालव्याचे ऑक्टोबर 2023 मध्ये लोकार्पण झाले. टीएमसीचा हिशेब प्रत्येक पुढाऱ्याला तोंडपाठ आहे. डोंगरउतारावरून दर पावसाळ्यात जी माती जाते, तिचा हिशेब कोण ठेवतो? ती नाचणी-वरई पिकवणाऱ्या आदिवासी शेतकऱ्याची असते. पुढे ती धरणात गाळ होते, आणि ‘गाळमुक्त धरण’ योजनेत तोच गाळ खालच्या शिवारात पडतो. वरच्याला काय मिळाले?

उपाय नवा नाही. काम माथ्यापासून पायथ्याकडे यायला हवे : आधी समतल चर, बांध, झाडे, मग ओढा. जलयुक्त शिवारमध्ये बऱ्याच ठिकाणी उलटे झाले, जेसीबी थेट नाल्यात उतरला. खोलीकरणाचा फोटो छान येतो, बांधाचा येत नाही! आंबेगावात आदिवासी मिळून उतारावर भातखाचरे पाडतात, त्याला पडकई म्हणतात. हे काम रोजगार हमीतून अकोल्यातही वाढवता येईल.

संगमनेरच्या दरेवाडीत 1996 पासून असे पाणलोटाचे काम झाले आणि उजाड डोंगर सावरला. मात्र तिथे चराईबंदी करावी लागली, आणि ज्यांचे पोट शेळ्या-मेंढ्यांवर होते त्यांनी त्याची किंमत मोजली. बकरी ईदला बोकडाचा भाव करताना तो कुठल्या डोंगरावर चरला, हे आपण कुठे विचारतो? म्हणून बंदी घालायची तर त्या काळात चाऱ्याची सोय आणि मजुरी आधी ठरली पाहिजे. ग्रामसभेत हा विषय मेंढपाळांना बोलावूनच घ्यावा, ठराव झाल्यावर कळवून नव्हे.