भिंतीचा तपकिरी रंग

ट्रॉम्बेच्या चीता कॅम्पमधल्या घरांत सोनेरी चकाकीची आयतुल कुर्सीची फ्रेम हमखास दिसते. ती असावीच. पण समोरच्या भिंतीवर गेरूच्या तपकिरी रंगातलं वारली चित्र का नसावं?

‘तस्वीर नाजायज’ एवढं उत्तर पुरत नाही. झाडं आणि निर्जीव वस्तू काढ, असं इब्ने अब्बास यांनी एका चित्रकाराला सांगितल्याचं बुखारीत आहे. वारली चित्रांत झाडं, झोपड्या, शेतं भरपूर असतात, तशी निवडावीत. तांदळाच्या पिठाने रंगणारी ही कला जगापुढे नेणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

१९७६ साली जनता कॉलनी पाडली गेली आणि तिथली माणसं इथे आली. भिंती गमावलेल्यांनी जमिनी गमावलेल्या वारल्यांची कला घरात लावावी. मात्र छापील स्टिकर नको; कलाकाराच्या हातचं चित्र घ्यावं, पैसे त्याच्याच हातात द्यावेत.