खाकीतला माणूस आणि त्याचा साहेब

पोलिसाविषयी आपण बोलतो ते एक तर त्याला शिव्या देण्यासाठी, नाही तर तो हुतात्मा झाल्यावर हार घालण्यासाठी. या दोहोंच्या मध्ये त्याचे जे रोजचे आयुष्य असते, त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. अलीकडे मात्र पोलीस दलाच्या संदर्भात ‘नेतृत्वविकास’ आणि ‘ताणतणाव’ हे शब्द वारंवार कानी पडतात. शिबिरे होतात, योगासने होतात, व्याख्याने होतात. ती होऊ नयेत असे मी म्हणणार नाही. पण दिवसभर चौकात उभ्या राहिलेल्या माणसाला प्राणायाम शिकविण्याआधी त्याला बसायला खुर्ची कोणी द्यायची, हा प्रश्न शिल्लक राहतोच. माझ्या मते पोलिसांचे नेतृत्व व्याख्यानाच्या सभागृहात दिसत नाही. ते ड्युटी लावण्याच्या वहीत दिसते.

आपल्याच भागाचे पाहा ना. ठाण्याचे पोलीस आयुक्तालय १९८१ सालचे, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ सालची. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवली बारा लाखांवर गेलेले होते. त्यानंतर घोडबंदर आणि शिळफाट्याच्या रस्त्यांना जे मनोरे उभे राहिले, त्यांची मोजदाद त्यात नाही. ठाण्याच्या दहीहंड्या, नवरात्रात कल्याणचा दुर्गाडी, बकरी ईदला पुन्हा दुर्गाडी, दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर लोटणारी गर्दी (त्या गर्दीत आपण सारेच असतो, नाकारण्यात अर्थ नाही!) असा आपला प्रत्येक सण म्हणजे त्याचा बंदोबस्त. त्यातून जो शिपाई टिटवाळ्याहून किंवा बदलापुराहून लोकलने मुंबईला कामावर जातो, त्याच्या जाण्यायेण्याचे तास कोणत्याच वहीत चढत नाहीत.

हे दुखणे आजचे नाही. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने फेब्रुवारी १९७९ मध्ये पहिला अहवाल दिला तो मुख्यतः शिपायाविषयीच. त्याची घरे, त्याचे कामाचे तास, त्याची गाऱ्हाणी आणि साहेबाच्या घरी त्याला राबविण्याची प्रथा, सारे त्यात आले होते. अहवाल कपाटात राहिला. तीन वर्षांनी, १५ ऑगस्ट १९८२ रोजी, मुंबईच्या पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. १८ तारखेला सरकारने त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांना अटक केली, आणि ज्यांनी शहराची शांतता राखायची तेच रस्त्यावर उतरले. लष्कराला पाचारण करावे लागले. पुष्कळ जण नोकरीस मुकले. शिस्तीच्या खात्यात दंगल व्हावी याचे समर्थन कोणीच करणार नाही. परंतु खालच्या माणसाचे गाऱ्हाणे वर नेणारी वाट बंद असली की असे होते, हे त्या दिवसाने दाखवून दिले.

याच्या नेमके उलट उदाहरण त्याच मुंबईतले आहे. २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यातील एका पोलीस कर्मचाऱ्याने आठ तासांच्या पाळ्यांची योजना स्वतः आखून थेट आयुक्तांपुढे मांडली. त्या वेळचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ‘तुझे काम तू कर’ असे त्याला सुनावले नाही. त्यांनी योजना ऐकून घेतली, मे महिन्यात देवनारलाच तिचा प्रयोग केला, आणि १ जानेवारी २०१७ पासून ती मुंबईतील सर्व पोलीस ठाण्यांना लागू केली. मनुष्यबळ अपुरे आहे, हे पालुपद वर्षानुवर्षे ऐकू येत होते. तेवढ्याच मनुष्यबळात हिशेब जुळवून दाखविला तो एका साध्या कर्मचाऱ्याने! मला यात नेतृत्व दोघांचेही दिसते, पण अवघड काम साहेबाचे होते. कनिष्ठाची अक्कल उघडपणे मान्य करण्याची आपल्याकडे, महाविद्यालये धरून, कुठेच फारशी रीत नाही.

पुढे करोनाच्या साथीत ही घडी विस्कटली. जानेवारी २०२२ मध्ये महासंचालक संजय पांडे यांनी राज्यभरातील महिला पोलिसांची ड्युटी बारावरून आठ तासांवर आणण्याचा आदेश काढला. आदेश चांगलाच. पण असा प्रत्येक आदेश पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत येतो आणि तिथे वरिष्ठ निरीक्षकाच्या मर्जीवर उभा राहतो.

या वरिष्ठ निरीक्षकाचीही कीव करावी अशी अवस्था असते. वरून आयुक्तालय, बाजूने नगरसेवक आणि आमदार, खालून रजेचे अर्ज. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात ठाण्याच्या प्रमुखालाही किमान दोन वर्षे एका जागी ठेवण्यास सांगितले, ते उगाच नव्हे. ज्याला आपण पुढल्या महिन्यात इथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो हाताखालच्या माणसांची नावे तरी कशाला पाठ करील?

मग याचा भुर्दंड कोणाला बसतो? आपल्या आयुक्तालयाच्याच हद्दीतील बदलापूरची ऑगस्ट २०२४ ची हकीकत आठवावी. दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराचा गुन्हा नोंदविण्यास विलंब झाला. २० तारखेला हजारो लोक रुळांवर बसले, गाड्या तासन्‌तास बंद राहिल्या, दगडफेक झाली. वरिष्ठ निरीक्षकासह तीन पोलीस निलंबित झाले. थकव्याची सबब मी त्या विलंबाला मुळीच देणार नाही. आई दारात उभी असताना गुन्हा नोंदविण्यासाठी आठ तासांची पाळी लागत नाही. पण दगड ज्यांच्या अंगावर पडले, त्यांतील बहुतेकांचा त्या विलंबाशी काही संबंध नव्हता. आणि तक्रार आल्याबरोबर वहीत घेण्याचे धैर्य ठाणे अंमलदाराला येते ते साहेब आपल्या पाठीशी उभा राहील या खात्रीतून. जिथे वरच्याला विचारल्याशिवाय पाणीही प्यायचे नाही अशी सवय लावलेली असते, तिथे तो तक्रारदारालाही थांबवूनच ठेवतो. शिपायाचे स्वास्थ्य हा केवळ त्याच्या रक्तदाबाचा प्रश्न नाही, असे मी म्हणतो ते यासाठी.

आमच्या वर्गातील तिघे जण सध्या भरतीसाठी पहाटे सोळाशे मीटर धावण्याचा सराव करतात. आणखी एक जण लोकसेवा आयोगाच्या फौजदारपदाच्या परीक्षेला बसणार आहे. निवड झाली तर तो नाशिकच्या अकादमीत जाईल आणि वर्षा-दोन वर्षांत, वयाच्या पंचविशीत, बापाच्या वयाच्या हवालदारांना हुकूम देऊ लागेल. त्यांना तो ‘अहो’ म्हणणार की ‘अरे’, असे मी त्याला परवा कँटीनमध्ये विचारले. तो हसला, आणि म्हणाला की तिथे सगळे ‘अरे’च म्हणतात.